चवीपुरता उजेड

पहिला रोल धुतला तेव्हा
उयुनीचं अख्खं मिठागर राखेचं झालं होतं.
सातुर्निना लुपाने फोटो खिडकीशी धरला,
नखाने खरवडून पाहिला.
"आमचं मीठ एवढं मळकं कधी झालं?
ओरुरोच्या व्यापाऱ्याने पाहिलं
तर पोत्यामागे भाव पाडेल."
तिने पैसे दिले नाहीत.
मी मागितलेही नाहीत.

पण काटा मधोमध होता!
भर अकराचं ऊन, अंगावर सावली नाही,
आणि काटा शाळेतल्या हुशार मुलासारखा
बरोबर मधोमध, हात बांधून.

निकासियो पासपोर्टचे फोटो कापत होता.
कात्री न थांबवता म्हणाला,
काट्याचं काही चुकलं नाही.
त्याला मीठ माहीत नाही, एवढंच.
त्याला वाटतं, जग म्हणजे
ढगाळ दिवशीचा सिमेंटचा रस्ता.
मीठ दाखव, तो म्हणेल, फार झालं, खाली उतर.
कोळशाचं पोतं दाखव, म्हणेल, बिचारं, वर ये.
सगळ्यांना आणून बसवतो एकाच पायरीवर.
भला आहे.
पण त्याच्यावर दुकान चालत नाही.

मग माझ्या कॅमेऱ्यातली ती गोल, चपटी बॅटरी
त्याने काढली आणि गल्ल्यात टाकली,
सुट्ट्या नाण्यांत.

दोन महिने मी आकडे पुटपुटत हिंडलो.
सावलीची कड कात्रीने कापलेली: सोळा.
कड जराशी विरघळलेली: अकरा.
सावली आहे की नाही अशी शंका: आठ.
आणि मिठावर, उघड्या मिठावर, बावीस,
तेही डोळे किलकिले करून, देवाचं नाव घेऊन.
आई म्हणाली, पोराला कोणी करणी केली.

वहीत लिहायचं, आधी अंदाज, मग काय निघालं ते.
मंगळवार, गंजलेली इंजिनं: जळाली.
बुधवार, बहीण दारात: बुडाली.
गुरुवारी काही काढलं नाही, वारा होता.
शुक्रवार, कुत्रा: बरोबर!
निकासियोने कुत्रा बघितला.
म्हणाला, हा करडाच आहे,
हा काट्यालाही जमला असता.

एकदा सातुर्निनाच्या चुलीपाशी बसलो होतो.
सूप उकळत होतं, किन्वा वर येत होता.
तिने मीठ टाकलं, माझ्याशी बोलता बोलता,
पातेल्याकडे न बघता.
किती टाकलंस?
ती माझ्याकडे बघत राहिली,
जन्मभर मीठ खणलेली बाई,
जणू मी तिला विचारलं होतं
श्वास किती घेतेस.
"किती म्हणजे? चवीपुरतं."

तिच्या नवऱ्याला मिठावरच फोटो हवा होता.
एव्हारिस्तोने काळी लोकरी टोपी डोक्यावरून ओढून काढली,
आणि डोळ्यांभोवतीची पट्टी तांब्यासारखी भाजलेली,
खालचे गाल मात्र कोवळे, लाजरे,
तीस वर्षं ऊन न पाहिलेले.
सूर्य त्याच्या मागे.
मिठाचा उजेड खालून हनुवटीत शिरत होता.
मी म्हणालो, दोन्ही धरता येणार नाही.
मीठ धरलं तर हा जाईल,
याला धरलं तर मीठ.
हे कोणत्याच काट्याने मला सांगितलं नव्हतं,
की मोजून झाल्यावर
कोणाला तरी सोडायचं असतं.

सातुर्निना म्हणाली, जाऊ दे मीठ.
ते रोजच बघते.

बावीस नाही. आठ.
बोट थरथरलं, पण आठच.

फोटोत त्याच्या पायाखाली काही नाही,
नुसता कागद.
कोऱ्यावर उभा आहे माणूस,
डोळ्यांभोवती त्याचं सगळं ऊन घेऊन,
आणि गाल, ते गाल...
तिने खिडकीशी धरला.
या वेळी नख लावलं नाही.

ढगाळ दिवशी मी अजून चुकतो.
ती बॅटरी गल्ल्यातच आहे.
कधी चुकून गिऱ्हाइकाला सुट्ट्यांत जाते,
आणि तो कोपऱ्यापर्यंत जाऊन,
हातात फिरवून,
परत आणून देतो.